टॅलबट काउंटीचा फ्रेडरिक

जोतिराव फुल्यांचं 'गुलामगिरी' १८७३ साली निघालं. ते त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या सज्जनांना, काळ्या लोकांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी जी झीज सोसली तिच्या सन्मानार्थ. शाळेत हे आपण एका मार्कासाठी पाठ केलं, आणि पुढे शिक्षण-नोकरीच्या निमित्ताने त्याच अमेरिकेत येऊन राहिलो. पण पुण्यात बसून जोतिरावांनी ज्यांना नमस्कार केला ते लोक नेमके कोण, हे इथे वीस-पंचवीस वर्षं काढूनही आपल्यातल्या बऱ्याच जणांना सांगता येत नाही. लिंकनचं नाव येतं आणि गाडी तिथेच थांबते. मला आज लिहायचंय ते अशा एका माणसाबद्दल, जो सोडवणाऱ्यांमधलाही होता आणि सोडवल्या गेलेल्यांमधलाही. फ्रेडरिक डग्लस.

आम्हा मेरीलँडच्या मंडळींना तर त्याचं गाव वाटेवरच लागतं. उन्हाळ्यात ओशन सिटीला जाताना बे ब्रिज ओलांडला की रूट ५० वर ईस्टन येतं. आपण तिथे फार तर पेट्रोल भरायला थांबतो, डब्यातल्या दशम्या-चटणी काढतो आणि पुढे जातो. हे ईस्टन म्हणजे टॅलबट काउंटीचं मुख्य ठिकाण. तिथल्या कोर्टासमोर २०११ साली डग्लसचा पुतळा बसवला. गंमत अशी की त्याच हिरवळीवर, यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेकडून लढलेल्या स्थानिक तरुणांचं स्मारक आधीपासून होतं. अकरा वर्षं ही दोन्ही स्मारकं एकाच अंगणात उभी होती. मार्च २०२२ मध्ये दक्षिणेचं स्मारक तिथून हलवलं. दीडशे वर्षांपूर्वी संपलेल्या युद्धाचा हा हिशेब आपल्या डोळ्यांदेखत चाललाय.

या काउंटीत, टकाहो नावाच्या ओढ्याजवळ, फ्रेडरिकचा जन्म १८१८ च्या फेब्रुवारीत झाला. हे आपण मालकाच्या वहीमुळे सांगू शकतो. गुराढोरांची असावी तशी गुलामांचीही नोंद मालक ठेवत, आणि गुलामाला स्वतःचं वय विचारायची सोय नव्हती. त्याला जन्मभर आपला वाढदिवस ठाऊक नव्हता. पुढे त्याने स्वतःच १४ फेब्रुवारी ही तारीख घेऊन टाकली. आई हॅरिएट बेली बारा मैलांवरच्या शेतावर राबायची. दिवसभराचं काम संपवून ती रात्री चालत यायची, पोराजवळ आडवी व्हायची आणि उजाडायच्या आत परत निघायची. अशा भेटी मोजक्याच झाल्या, आणि तो सात वर्षांचा असताना ती गेली. बाप गोरा होता. मालकच असावा अशी कुजबुज होती, पण खात्रीने कोणी सांगितलं नाही. आईच्या पोटचं मूल आईसारखंच गुलाम, असा कायदाच होता. त्यामुळे गोऱ्या बापाचा उपयोग शून्य.

त्याला वाढवलं आजीने, बेट्सी बेलीने. सहा वर्षांचा झाल्यावर तिनेच त्याला लॉइड कुटुंबाच्या मोठ्या मळ्यावर चालवत नेलं, इतर पोरांत खेळायला लावलं आणि न सांगता निघून गेली. दुसरं काही करणं तिच्या हातातच नव्हतं.

१८२६ मध्ये त्याला बॉल्टिमोरला फेल्स पॉइंटमध्ये ह्यू ऑल्ड यांच्या घरी पाठवलं, त्यांचा लहान मुलगा सांभाळायला. (आज आपण फेल्स पॉइंटला पाहुण्यांना घेऊन जेवायला जातो, तेच.) मालकीणबाई सोफियाने पूर्वी कधी गुलाम बाळगला नव्हता. तिने सहज म्हणून या पोरालाही ए-बी-सी शिकवायला घेतलं. नवऱ्याला कळलं तेव्हा तो कडाडला, की याला वाचायला आलं तर हा गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही. हे बोलणं पोराच्या समोर झालं. मला वाटतं, त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धडा मालकाने दिला तो हाच! जे यांना इतकं भीतीदायक वाटतं तेच आपल्याला मिळवायला हवं, हे आठ-नऊ वर्षांच्या मुलाने तिथेच ओळखलं.

मग सुरू झाली अक्षरांची चोरी. बाहेर कामाला जाताना तो खिशात पावाचे तुकडे ठेवायचा. गल्लीतली गरीब गोरी पोरं भुकेली असायची. पाव द्यायचा आणि त्या बदल्यात एक शब्द घ्यायचा, असा सौदा. पुढे आत्मचरित्रात त्याने या मुलांची नावं मुद्दाम दिली नाहीत, कारण गुलामाला शिकवलं म्हणून मोठेपणी त्यांना त्रास झाला असता. जहाजबांधणीच्या आवारात सुतार लाकडाच्या तुकड्यांवर खडूने अक्षरं लिहीत, डाव्या बाजूचा तुकडा, उजव्या बाजूचा, पुढचा. ती बघून तो चार अक्षरं लिहायला शिकला. मग मुलांना आव्हान द्यायचा, याहून जास्त येतात का तुम्हाला? आणि ती फुशारकीने काढून दाखवायची. भिंत आणि फरसबंदी ही त्याची पाटी. मालकाचा मुलगा शाळेत जाऊ लागला, तेव्हा त्याच्या जुन्या वह्यांतल्या कोऱ्या जागेत तेच शब्द गिरवायचे. बारा-तेराव्या वर्षी बूट पॉलिश करून साठवलेल्या पन्नास सेंटांत त्याने 'द कोलंबियन ओरेटर' हे भाषणांचं पुस्तक विकत घेतलं. आपल्याकडे सावित्रीबाईंना शिकवायला निदान जोतिराव होते. इथे शिकवणाऱ्याला कळतही नव्हतं की आपण शिकवतोय.

पंधराव्या वर्षी त्याला परत टॅलबट काउंटीत, सेंट मायकल्सला, ह्यूचा भाऊ टॉमस ऑल्ड याच्याकडे आणलं. पोरगं शहरात राहून शेफारलंय म्हणून त्याने १८३४ साली त्याला एडवर्ड कोव्ही नावाच्या शेतकऱ्याला वर्षभर भाड्याने दिलं. खोंड औताला लावतात तसं गुलामांना वठणीवर आणण्याबद्दल हा कोव्ही पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. सहा महिने जवळपास दर आठवड्याला चाबूक. फ्रेडरिकने पुढे कबूल केलं आहे की त्या दिवसांत वाचनाची इच्छासुद्धा मेली होती. मग ऑगस्टमध्ये एका सकाळी कोव्ही त्याला बांधायला आला आणि या सोळा वर्षांच्या मुलाने त्याचं नरडं धरलं. दोघांची झोंबाझोंबी तास-दोन तास चालली. त्यानंतर कोव्हीने त्याला कधी हात लावला नाही. पोलिसांतही गेला नाही. एका पोराने आपल्याला धरून ठेवलं हे बाहेर पडलं असतं तर त्याचा धंदाच बसला असता.

१८३६ मध्ये पळायचा एक बेत फसला, ईस्टनच्या तुरुंगात बसावं लागलं. नशिबाने त्याला दूर दक्षिणेत न विकता पुन्हा बॉल्टिमोरला धाडलं. तिथे तो लाकडी जहाजांच्या फटी बुजवण्याचं काम शिकला. आठवड्याला नऊ डॉलरपर्यंत कमवायचा आणि शनिवारी सगळे मालकाच्या हातात ठेवायचा. कधी सहा डॉलर आणले तर मालक खूश होऊन त्यातले सहा सेंट परत द्यायचा! त्या सहा सेंटांचा त्याला राग जास्त आला, कारण देण्यातच कबुली होती की पैसे मुळात याचे आहेत.

याच काळात त्याला ॲना मरी भेटली. ती काळी पण स्वतंत्र, घरकाम करून चार पैसे बाळगून असलेली. तिच्या साठवलेल्या पैशांतून प्रवासाची सोय झाली. ३ सप्टेंबर १८३८ ला फ्रेडरिक खलाशाचा वेश करून, एका खलाशी मित्राचे कागद खिशात घालून बॉल्टिमोरला आगगाडीत चढला. कागदावरचं वर्णन त्याच्याशी जुळत नव्हतं. पण कंडक्टरने कागदावरच्या गरुडाच्या चित्राकडे नजर टाकली आणि पुढे गेला. गाडी, होडी, परत गाडी, मग आगबोट. चोवीस तासांच्या आत तो न्यूयॉर्कला. मागोमाग ॲना आली आणि १५ तारखेला लग्न झालं. पळण्याची ही युक्ती त्याने १८८१ पर्यंत छापली नाही. मागे राहिलेल्यांची वाट बंद होऊ नये म्हणून.

मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला ते स्थिरावले. ओळख लपवायला बेली हे आडनाव टाकून त्याने डग्लस घेतलं, वॉल्टर स्कॉटच्या एका काव्यातलं. इथून पुढे मला त्यांना अहोजाहो करायला हवं.

गुलामगिरीविरोधी चळवळीचे पुढारी विल्यम लॉइड गॅरिसन यांनी १८४१ मध्ये त्यांचं बोलणं ऐकलं आणि त्यांना व्याख्याता म्हणून फिरवायला घेतलं. उंचपुरा देह, खर्जातला आवाज, आणि इंग्रजी इतकं सफाईदार की लोक म्हणायला लागले, हा कधी गुलाम नव्हताच. म्हणून १८४५ साली त्यांनी आत्मचरित्र छापलं, मालकांच्या खऱ्या नावांसकट. पुस्तक तडाखेबंद खपलं, पण पळून आलेला गुलाम कुठे आहे हे आता मालकाला कळलं. पावणेदोन वर्षं त्यांनी आयर्लंड-इंग्लंडमध्ये काढली. तिथल्या मित्रांनी दीडशे पौंड जमवून ऑल्डकडून त्यांची रीतसर खरेदी केली आणि त्यांना मोकळं केलं. माणूस विकत घेणं म्हणजे गुलामगिरी मान्य करणं, अशी टीका त्यांच्याच चळवळीतल्या कडव्या मंडळींनी केली. मला ती पटत नाही. तत्त्वासाठी बायको आणि चार पोरं टांगणीला ठेवा असं सांगणारे स्वतः आपापल्या घरी सुखरूप होते.

परत आल्यावर त्यांनी रॉचेस्टरला डिसेंबर १८४७ मध्ये 'द नॉर्थ स्टार' हे साप्ताहिक काढलं. पुढल्या वर्षी सेनेका फॉल्सला स्त्रियांच्या हक्कांची पहिली परिषद भरली. तिथे स्त्रियांना मत मिळालंच पाहिजे असा ठराव डळमळला तेव्हा त्याच्या बाजूने हा माणूस उभा राहिला. त्याच १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. योगायोगच, पण मला तो लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. गॅरिसन म्हणत, अमेरिकेची राज्यघटना हाच गुलामगिरीशी केलेला करार आहे, तेव्हा हा देशच नको. त्यांनी पुढे ४ जुलै १८५४ ला घटनेची प्रत जाहीर जाळली. सुरुवातीला डग्लसही तेच म्हणत. पण अनेक वर्षं घटना वाचून १८५१ मध्ये त्यांनी मत बदललं. त्यांचा युक्तिवाद असा, की घटनेत गुलाम हा शब्दच नाही. तिच्या प्रस्तावनेत लोक आहेत, गोरे लोक नाहीत. मग ती आमचीही आहे, आणि आम्ही ती वापरणार. गुरूशी संबंध तुटले, कटुता आली. ५ जुलै १८५२ ला रॉचेस्टरला स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात त्यांनी गोऱ्या श्रोत्यांना तोंडावर सांगितलं की हा सण तुमचा आहे, आमच्या लोकांचा नाही. पण त्याच भाषणात घटनेवरचा हक्कही सोडला नाही. पाच वर्षांनी सुप्रीम कोर्टाने ड्रेड स्कॉट खटल्यात निकाल दिला की काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश टॉनी मेरीलँडचेच. एकाच राज्यातली दोन माणसं, एकच घटना, आणि वाचन असं उफराटं!

१८५९ मध्ये जॉन ब्राउनने हार्पर्स फेरीवर छापा घालायच्या आधी डग्लसना गाठलं. पोलादी सापळ्यात शिरतोयस, असं बजावून त्यांनी नकार दिला. तरी संशय आलाच आणि काही महिने परदेशी काढावे लागले. धाकटी मुलगी ॲनी वारल्याची बातमी तिथेच कळली.

एप्रिल १८६१ मध्ये युद्ध पेटलं. देशात तेव्हा सुमारे ४० लाख गुलाम होते. या युद्धाची झळ, किंवा म्हणा चंगळ, आपल्याकडेही पोचली. दक्षिणेची बंदरं अडवल्यामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाड-खानदेश-गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरचं वेड लागलं आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. मुंबईचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, ते प्रेमचंद रायचंद या तेजीचे राजे होते. असो, परत येऊ.

लिंकनवर डग्लस सुरुवातीला भयंकर चिडलेले होते. लिंकन म्हणत, युद्ध देश एकत्र ठेवण्यासाठी आहे. १८६२ मध्ये तर त्यांनी काळ्या पुढाऱ्यांना बोलावून परदेशात वस्ती करायचा सल्ला दिला. डग्लसनी आपल्या पत्रात त्यावर कोरडे ओढले. १ जानेवारी १८६३ ला मुक्तीचा जाहीरनामा निघाला, तोही फक्त बंडखोर भागांपुरता. मेरीलँड बंडात सामील नव्हतं, म्हणून डग्लसच्या जन्मगावचे गुलाम गुलामच राहिले. राज्याने स्वतःची घटना बदलली तेव्हा, १ नोव्हेंबर १८६४ ला, ते सुटले. पण जाहीरनाम्यामुळे काळ्यांना सैन्याचं दार उघडलं. डग्लस गावोगाव भरतीसाठी फिरले, लुइस आणि चार्ल्स ही दोन मुलं ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत पाठवली. फोर्ट वॅगनरच्या हल्ल्यात लुइस होता. युद्ध संपेपर्यंत पावणेदोन लाखांहून जास्त काळे सैनिक उत्तरेकडून लढले.

आणि पगार? गोऱ्याला महिना १३ डॉलर, काळ्याला १० आणि त्यातून कपड्यांचे ३ कापून हातात ७. हे विचारायला डग्लस ऑगस्ट १८६३ मध्ये वेळ न ठरवता थेट व्हाइट हाउसवर गेले. जिन्यात गोऱ्या अर्जदारांची रांग. काही मिनिटांत यांचंच नाव पुकारलं गेलं. लिंकननी ऐकून घेतलं, हळूहळू होईल म्हणाले. डग्लसचं समाधान झालं नाही, पण आपला रंग न मोजता बोलणारा माणूस भेटला एवढं त्यांनी नोंदवून ठेवलं. समान पगार जून १८६४ मध्ये आला. मार्च १८६५ मध्ये लिंकनच्या दुसऱ्या शपथविधीनंतर पोलिसांनी त्यांना दारात अडवलं. निरोप आत गेला तेव्हा लिंकननी सगळ्यांसमोर मित्र म्हणून स्वागत केलं आणि आजचं भाषण कसं वाटलं ते विचारलं. महिना-दीड महिन्यात लिंकन गेले. त्यांची काठी मेरी लिंकनने डग्लसकडे पाठवली.

डग्लसनी घटनेवर सांगितलेला हक्क आता घटनेतच उतरला. १८६५ ला गुलामगिरी बंद, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने इथे जन्मलेल्याला नागरिकत्व, १८७० ला काळ्या पुरुषांना मत. शेवटच्या मुद्द्यावर स्त्रियांना वगळलं म्हणून सेनेका फॉल्सच्या जुन्या मैत्रिणींशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. मात्र आपल्यासाठी मोलाचं त्यांचं १८६९ चं बोस्टनचं व्याख्यान. तेव्हा चिनी मजुरांना देशाबाहेर ठेवा अशी ओरड होती. डग्लसनी त्यांची बाजू घेतली. स्थलांतर हा माणसाचा हक्क आहे, येऊ द्या, नागरिक होऊ द्या, मतही द्या, असं त्यांचं म्हणणं. देशाने ऐकलं नाही. १८८२ ला चिन्यांना बंदी झाली, १९२३ ला सुप्रीम कोर्टाने भारतीयही नागरिकत्वाला अपात्र ठरवले. आपल्यासाठी दार उघडलं ते १९६५ च्या कायद्याने, काळ्यांच्या नागरी हक्कांच्या लढ्याच्या पाठोपाठ. आपण इथे आपापल्या डिग्र्यांच्या जोरावर आलो असं म्हणतो, ते अर्धंच खरं आहे.

१८७७ मध्ये दक्षिणेतलं सैन्य मागे घेतलं गेलं आणि तिथले काळे पुन्हा जुन्या मालकांच्या तावडीत गेले. जोतिरावांनी अर्पणपत्रिका लिहून चारच वर्षं झाली होती. नेमक्या त्याच वर्षी, ज्यांनी हे सैन्य काढलं त्या अध्यक्ष हेज यांच्याकडून डग्लसनी वॉशिंग्टनच्या मार्शलचं पद घेतलं. मला हे खटकतं, आणि त्यांच्या चाहत्यांनीही ते झाकू नये.

त्याच वर्षी ते सेंट मायकल्सला गेले, मरणाच्या दारात असलेल्या टॉमस ऑल्डला भेटायला. म्हातारा थरथरत होता, दोघांचेही डोळे भरून आले. पुस्तकात याच माणसाला त्यांनी जगभर नागडं केलं होतं. तरी त्यांनी विचारलं काय, तर आपला जन्म केव्हाचा. ऑल्डने सांगितलं, फेब्रुवारी १८१८.

वॉशिंग्टनला अनाकोस्टियाच्या टेकडीवर त्यांनी सीडर हिल हे घर घेतलं. १८८२ मध्ये ॲना गेली. पाच मुलं वाढवून, बूट शिवण्याची कामं करून, पळून येणाऱ्यांना घरात आसरा देऊन तिने चव्वेचाळीस वर्षं संसार ओढला. तिला नीट वाचता मात्र कधीच आलं नाही. अक्षरासाठी जीव टाकणाऱ्या माणसाच्या घरातली ही गोष्ट मला चटका लावते. १८८४ मध्ये त्यांनी हेलन पिट्स या वीस वर्षांनी लहान गोऱ्या बाईशी लग्न केलं. गोरे चिडले, काळे चिडले, दोन्हीकडचे नातेवाईक चिडले. पुढे ते हैतीत अमेरिकेचे राजदूत होते, आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हैतीच्या दालनाचे प्रमुख. त्याच शिकागोत त्याच वर्षी विवेकानंदही गाजत होते.

२० फेब्रुवारी १८९५ ला ते दिवसभर स्त्रियांच्या परिषदेत बसले, संध्याकाळी घरी येऊन हेलनला त्याची हकिकत सांगता सांगता कोसळले. दफन रॉचेस्टरला झालं. मृत्युपत्रावर साक्षीदार कमी पडल्याने घर हेलनला मिळेना. तिने मुलांचे वाटे कर्ज काढून विकत घेतले आणि मरेपर्यंत व्याख्यानं देत ते फेडत राहिली. पुढे काळ्या स्त्रियांच्या संघटनेने उरलेलं कर्ज भागवलं. १९६२ पासून घर नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे. त्यांची पुस्तकं, व्हायोलिन, डेस्क सगळं तिथे जागच्या जागी आहे. आतून बघायचं तर आधी वेळ ठरवून जावं, आणि पायऱ्या बऱ्याच आहेत, आजी-आजोबांना नेणार असाल तर लक्षात ठेवा.